काळीचा काळेपणा

महसुली मराठीत गावाचे दोन भाग पडतात : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. चुलीची राख, भिंतींची माती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा केरकचरा मिसळून वस्तीखालची जमीन फिकट होत गेली, म्हणून ती पांढरी. काळीला मात्र तिचा रंग उपजतच आहे. मन्याडच्या खोऱ्यातल्या कंधारसारख्या गावी वाढलेल्या माणसाला या रंगाविषयी प्रश्न पडत नाही. काळी म्हणजे कसदार, हे समीकरण आम्ही बाराखडीबरोबरच शिकतो. माझ्या शेताच्या मृद आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात अर्ध्या टक्क्याहून कमी आकडा आणि पुढे ‘कमी’ असा शेरा आला, तेव्हा भावकीतल्या एका काकांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “अरे, एवढी काळीभोर जमीन, अन् हे म्हणतेत त्यात कर्ब नाही?” या लेखाचा विषय काकांचा हा प्रश्नच आहे, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही. राज्यकर्त्यांनी, भूगर्भशास्त्रज्ञांनी आणि महसूल खात्याने दीडशे-दोनशे वर्षे याच रंगावर भरवसा ठेवला.

विंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात जमीन पाहणीची जी पद्धत बसवली, तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात आले. त्यात जमिनीची प्रत ठरे ती रंग-पोत आणि खोली यांवरून. बारीक पोताची, काळी, पावणेदोन हात खोल जमीन म्हणजे सोळा आणे. तिथून खाली उतरत नऊ प्रती. चुनखडी, वाळू, उतार असे दोष असतील तर प्रत घसरे. पुढे सालारजंगांच्या सुधारणांच्या काळात निजामाच्या मुलखातही याच धर्तीची पाहणी आली. पद्धत हुशारीची होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या मोजणीत जमिनीचा कस हा खडकासारखा कायमचा धरला होता. त्या जमिनीत दरवर्षी काय परत जाते, हे विचारणारा रकाना कोणत्याही पाहणीपत्रकात नव्हता. सारा मात्र दरवर्षी द्यायचा होता.

रंगाचे कोडे शास्त्रज्ञांनाही सुटत नव्हते. आपल्या काळ्या मातीला इंग्रजी ग्रंथांत ‘रेगूर’ म्हणत. तेलुगू ‘रेगडी’वरून आलेला हा शब्द. रशियातली चेर्नोझेम नावाची काळी जमीन ही गवताच्या मुळांनी हजारो वर्षांत साठवलेल्या ह्यूमसमुळे काळी आहे. वसिली दोकुचायेव यांचा तिच्यावरचा ग्रंथ १८८३ साली आला आणि त्यातून आधुनिक मृदाशास्त्र उभे राहिले. साहजिकच रेगूरही तशीच असेल, असा तर्क झाला. पण चेर्नोझेममध्ये ह्यूमस चार-पाच टक्क्यांपासून दहाच्याही वर आढळते, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सेंद्रिय कर्ब एक टक्काही भरत नाही. काळ्या बेसॉल्टपासून बनलेली, फुगणारी-आकसणारी चिकणमाती, तिच्यातली काळी खनिजे आणि चुन्याच्या सान्निध्यात चिकणमातीला घट्ट चिकटलेले थोडेसे ह्यूमस यांच्या मेळातून आपला रंग येतो. तो कर्ब निम्मा संपला तरी डोळ्यांना फरक कळत नाही. तांबड्या जमिनीचा शेतकरी निदान रंगाने फसत नाही.

त्याच १८८३ साली पुण्यात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण करत होते. या ग्रंथाची चर्चा बहुधा भटशाही आणि सावकारीपाशी थांबते. मला त्यातला मातीचा विचार त्याहून कमी मोलाचा वाटत नाही. डोंगरावरची पाने, गवत, मेलेले कीटक-जनावरे यांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरत असे, हे फुले नोंदवतात. जंगलखात्याने गायराने आणि डोंगर अडवल्यावर गुरे घटली आणि त्याबरोबर खतही घटले, अशी कारणांची साखळी ते जोडतात. फौज-पोलिसांतल्या जादा शिपायांना कामाला लावून ताली-बंधारे घालावेत आणि पाणी शेतात मुरवून मगच ओढ्याला जाऊ द्यावे, अशी त्यांची मागणी होती. सेंद्रिय कर्ब हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. त्याचा हिशेब मात्र होता, आणि त्या हिशेबात जंगलखातेही होते.

इंग्लंडहून आलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचा अहवाल दहा वर्षांनी, १८९३ साली छापला गेला. हिंदी रयत अडाणी आहे म्हणून शेण जाळते, ही सरकारी समजूत त्यांनी खोडून काढली. दुसरे सरपण नाही म्हणून ती शेण जाळते, तेव्हा सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव राने लावा, असे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांनी दुखण्याचे मूळ जिथे दाखवले होते, त्याच्या जवळच हा परका तज्ज्ञ येऊन पोहोचला.

खताचा पुढचा मोठा प्रयोग आमच्यासारख्याच काळ्या जमिनीवर झाला, पण होळकरांच्या इंदुरात. १९२४ साली तिथे उभ्या राहिलेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची रीत बसवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. पुढे हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष ठरले आणि वाडांचे नाव तळटिपेत गेले. हे नेहमीचेच आहे, तरी खटकते.

या रीतीतली मेख काड्यांत होती. कपाशीची पऱ्हाटी लाकडासारखी टणक असते, ती लवकर कुजत नाही. इंदूरच्या शेतावर ती गाडीवाटेवर अंथरून ठेवत. बैलगाड्यांच्या चाकांखाली तिचा चुरा झाला की ती गुरांच्या पायाखाली जाई. मग शेण, मूत मुरलेली गोठ्यातली माती आणि राख यांच्याबरोबर थर लावून खड्ड्यात. पाणी शिंपडायचे, तीनदा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. यात वाया काही जात नाही. पण पाणी लागते, मनुष्यबळ लागते आणि पऱ्हाटी चुलीतून वाचावी लागते. कंधारच्या चैत्र-वैशाखात या तिन्हींची वानवा. आमच्याकडे ही रीत रुजली नाही, याचे खापर शेतकऱ्याच्या आळसावर फोडण्याआधी व्होल्कर पुन्हा वाचावेत.

कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३३ नंतर देशात पाच केंद्रे चालली. त्यांतले सोलापूर मराठी मुलखात होते, आणि निजामी राज्याच्या वाट्याला रायचूर आले. सोलापूरच्या कामातून बांधबंदिस्ती, काही वर्षांआड खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी अशी रीत घडली. ना. वि. कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ चा. त्यात लक्ष आहे ते ओलाव्यावर, आणि त्या भागात ते असणारच. याच सुमारास, १९३४ साली, वॉकली आणि ब्लॅक यांनी कर्ब मोजण्याची सोपी कृती दिली. नारिंगी डायक्रोमेट आणि गंधकाम्ल मातीत घालायचे आणि किती डायक्रोमेट खर्ची पडले, ते मोजायचे. आजही पत्रिकेवरचा आकडा बहुतेक याच कृतीने येतो. ती सगळा कर्ब पकडत नाही, म्हणून उत्तराला एका ठरलेल्या गुणकाने गुणतात.

खरी घसरण माझ्या मते त्यानंतरची आहे, आणि ती भल्या हेतूने झाली. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, ताट बुटके झाले. कडबा कमी, म्हणून गुरे कमी, म्हणून उकिरडा लहान. १९७२ च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या. पुढे ट्रॅक्टर आला, सोयाबीन आले. सोयाबीनचा पाला शेतातच गळतो, ही तिची जमेची बाजू. पण मळणीयंत्रापुढे पडलेले भुसकट एका कोपऱ्यात जळते. मेंढ्या बसवायला येणारे धनगर आणि त्यांना धान्य देणारे खळे, दोन्ही विरळ झाले.

गेलेले परत आणायचे तर हिशेब असा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या वीतभर थराचे वजन सुमारे २० लाख किलो. कर्ब ०.४ वरून ०.५ टक्के करायचा म्हणजे त्यात २,००० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. ‘टिकून’ हा शब्द महत्त्वाचा, कारण आमच्या उन्हात घातलेल्यातला बहुतांश कर्ब वायू होऊन उडून जातो. नांगरट जितकी जास्त, तितकी मातीत हवा जास्त आणि जळण जलद. म्हणूनच नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा तंत्र किंवा कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांची विनानांगरणी यांत मागच्या पिकाची मुळे जागच्या जागी कुजू देण्यावर भर आहे. काळ्या जमिनीत भेगांतून वरची माती खाली जाते, जमीन स्वतःलाच नांगरते. तिला आपण इतके का नांगरतो, हा प्रश्न रास्त आहे. मात्र तणनाशकावाचून हे कितपत साधते, यावर या मंडळींशी वाद घालायला जागा आहे.

काळीतून निसटलेला काही भाग तळ्यांत सापडतो. कंधारला राष्ट्रकूटांनी जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव बांधला. इथल्या शिलालेखात त्याचे नाव आहे. तेव्हापासून अशा प्रत्येक तळ्याच्या तळाशी शिवारांची वरची, बारीक, सुपीक माती बसत आली. २०१७ पासून शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. गाळाने हलक्या रानाची खोली आणि ओलावा वाढतो, पण दरसाल लागणारे कुजके अन्न त्यातून मिळत नाही. शिवाय ज्याच्याकडे ट्रॉली आहे, त्याच्या रानात तो आधी पडतो.

राहिली पऱ्हाटी. ती बारीक करणारी यंत्रे आता भाड्याने मिळतात. इंदूरच्या गाडीवाटेचे काम ते यंत्र तासाभरात करते. चुलीवर बऱ्याच घरांत गॅस आला, तेव्हा सव्वाशे वर्षांनी पऱ्हाटी रानात राहायला मोकळी झाली होती. आता कारखान्यांच्या बॉयलरसाठी तिच्या कांड्या दाबणारे व्यापारी तीच पऱ्हाटी मागायला बांधावर येतात आणि रोख पैसे देतात. पेरणीच्या तोंडावर रोख पैशाला नाही म्हणणारा माणूस आमच्या शिवारात मी अजून पाहिलेला नाही.