रस्ता ओलांडण्याचा हक्क



राज्यें, तह, लढाया आणि थोर पुरुषांचीं चरित्रें यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतों. आज ज्या वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे, ती आपल्या पायांखालची आहे. शाळेसमोर किंवा चौकांत रस्त्यावर ओढलेले काळे-पांढरे पट्टे आपण रोज पाहतों. किंबहुना पाहत नाहीं, असेंच म्हटलें पाहिजे. हे पट्टे म्हणजे पायीं चालणारा आणि वाहन हांकणारा यांच्यामधील एक तहनामा आहे. तो केव्हां झाला, कशासाठीं झाला आणि तो होईपर्यंत किती माणसांचे प्राण गेले, हें समजलें म्हणजे आपल्या आळींतील रस्त्याकडे पाहण्याची दृष्टि पालटते.

रस्ता ओलांडण्याचा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. इटलींतील पाँपेई हें शहर इ. स. ७९ सालीं व्हेसूव्हियस पर्वताच्या राखेखालीं गाडलें गेलें. उत्खननांत तेथील रस्ते बाहेर निघाले, तेव्हां त्यांत एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत ओळीनें बसविलेले उंच, सपाट दगड दिसून आले. रस्त्यावरून पाणी वाहत असलें तरी या दगडांवर पाय ठेवून कोरड्या पायांनीं पलीकडे जातां येई, आणि दगडांमधील फटींतून गाड्यांचीं चाकें निघून जात. दगड चालणाऱ्यासाठीं होते. परंतु त्यांच्यामुळें गाडीवानासही वेग आवरून, चाकें नेमकीं फटींत घालून जावें लागे. 'गाडी हळू हांका' अशी पाटी लावण्याची तेथें गरज नव्हती. ती आज्ञा दगडच देत असत. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळें पुढील अनर्थ झाला, असें म्हटलें तरी चालेल.

आतां एकदम एकोणिसाव्या शतकांतील लंडनकडे येऊं. तेथें घोड्यांच्या गाड्यांची गर्दी इतकी वाढली कीं, पार्लमेंटगृहासमोरचा रस्ता ओलांडणें कठीण झालें. जॉन पीक नाइट नांवाच्या रेल्वेच्या एंजिनिअरानें आपल्या धंद्यांतील युक्ति रस्त्यावर आणली. ता. १० डिसेंबर १८६८ रोजीं पार्लमेंटजवळ एक खांब उभा राहिला. दिवसा त्याचे हात आडवे झाले म्हणजे गाड्यांनीं थांबावें, आणि रात्रीं तांबडा व हिरवा असे गॅसचे दिवे दाखवावे, अशी योजना होती. परंतु महिनाभरांतच, १८६९ च्या जानेवारींत, गॅसचा स्फोट होऊन खांबापाशीं उभा असलेला पोलीस जखमी झाला, आणि तो प्रयोग बंद पडला.

याच सुमारास यांत्रिक गाड्या रस्त्यांवर येऊं लागल्या होत्या. १८६५ च्या ब्रिटिश कायद्यानें त्यांचा वेग गांवाबाहेर ताशीं ४ मैल व गांवांत ताशीं २ मैल ठरविला, आणि गाडीपुढें तांबडें निशाण घेऊन एक माणूस पायीं चालला पाहिजे, असें बंधन घातलें. आज या कायद्यास सारे हंसतात. पण त्याच्या मुळाशीं असलेला विचार हंसण्यासारखा नव्हता. जो नवा व धोक्याचा आहे त्यानें जपून वागावें, जुन्या वाटसरूनें नव्हे, हा तो विचार होय. १८९६ सालीं पुढें चालणाऱ्या माणसाची अट रद्द झाली आणि वेगाची मर्यादा ताशीं १४ मैलांवर गेली. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ एक स्त्री मोटारीच्या धडकेनें मृत्यु पावली. ब्रिटनमध्यें मोटारीनें बळी घेतलेली ही पहिली पादचारी.

त्यानंतर तीसच वर्षांनीं, १९२६ सालीं, ब्रिटनमधील रस्त्यांवर एका वर्षांत ४,८८६ माणसें मेलीं. इतकें होऊनही १९३० च्या कायद्यानें मोटारींवरील वेगमर्यादा अजीबात काढून टाकली. लोक मर्यादा पाळीतच नाहींत, मग ती ठेवावी कशाला, असा युक्तिवाद करण्यांत आला. १९३४ सालीं मृतांचा आंकडा ७,३४३ वर गेला. अपघातांत सांपडलेल्यांपैकीं निम्मे पायीं चालणारे होते, आणि चारांतील तीन अपघात वस्तीच्या भागांत घडत होते. म्हणजे माणसें दूरच्या महामार्गांवर मरत नव्हतीं. घराजवळ, दुकानाजवळ, शाळेजवळ मरत होतीं.

अमेरिकेंत हाच झगडा निराळ्या रीतीनें चालला होता. सिनसिनाटी शहरांतील ४२,००० हून अधिक नागरिकांनीं १९२३ सालीं सह्या करून अशी मागणी केली कीं, शहरांतील प्रत्येक मोटारीस ताशीं २५ मैलांवर वेग जाऊं न देणारें यंत्र बसवावें. मोटारी विकणारांनीं त्याविरुद्ध मोठी मोहीम केली, आणि मतदानांत ती सूचना पडली. त्यापुढें दोषाचें ओझें हळूहळू वाहनावरून चालणाऱ्यावर सरकविण्यांत आलें. वाटेल तेथें रस्ता ओलांडणारास 'जेवॉकर' म्हणूं लागले. आपल्याकडील 'गांवढळ' या शब्दाच्या जवळचा हा शब्द आहे. १९२५ सालीं लॉस एंजेलिस शहरानें रस्ता कोठें ओलांडावा याचे नियम पादचाऱ्यांस घालून दिले, आणि इतर शहरांनीं तोच कित्ता गिरविला. ज्या रस्त्यावर मुलें खेळत आणि फेरीवाले उभे राहत, तो एका पिढींत परका झाला.

ब्रिटनमध्यें १९३४ सालीं लेस्ली होर-बेलिशा हे वाहतूक-मंत्री झाले. लंडनच्या कॅम्डन टाउन भागांत रस्ता ओलांडीत असतां ते स्वतःच एका भरधांव मोटारीखालीं सांपडतां सांपडतां वांचले. त्या काळीं ओलांडण्याची जागा रस्त्यांत ठोकलेल्या धातूच्या खिळ्यांच्या ओळींनीं दाखविली जाई, आणि ती मोटार चालविणारास लांबून दिसत नसे. बेलिशा यांनीं अशा जागीं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब व त्यांच्या माथ्यावर नारिंगी गोळे उभे केले. गोळे प्रथम कांचेचे होते, आणि पोरांनीं ते दगडांनीं पुष्कळ फोडले. तरी खांब टिकले, व त्यांस बेलिशांचेंच नांव पडलें. १९३५ च्या मार्च महिन्यापासून वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादाही पुन्हां आली.

पुढें महायुद्ध आलें. विमानांच्या भीतीनें रस्त्यांवरील दिवे मालवले गेले. पेट्रोलवर नियंत्रण होतें, मोटारी कमी झाल्या होत्या. आणि तरीही १९४१ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसें मेलीं. त्या देशाच्या इतिहासांत एका वर्षांतील हा सर्वांत मोठा आंकडा होय. अंधारानें जें शिकविलें तें कोणत्याही ग्रंथानें शिकविलें नसतें: जो दिसत नाहीं तो वांचत नाहीं. युद्ध संपल्यावर रस्त्यावर निरनिराळ्या खुणा रंगवून कोणती लांबून चांगली दिसते याचे प्रयोग झाले, आणि आडव्या ओळींत मांडलेले रुंद पांढरे पट्टे सरस ठरले. ३१ ऑक्टोबर १९५१ रोजीं इंग्लंडमधील स्लाव गांवीं पहिलें अधिकृत 'झीब्रा क्रॉसिंग' सुरू झालें. त्या वर्षींच्या नियमांनीं त्या पट्ट्यांवर पाऊल टाकलेल्या माणसास वाट देणें हें वाहन चालविणाराचें कर्तव्य ठरलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खूण साधी असेल तरच ती टिकते. १९६२ सालीं लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाबाहेर त्रिकोणी पट्ट्यांचें व लुकलुकणाऱ्या दिव्यांचें 'पांडा क्रॉसिंग' सुरू झालें. त्यांतील दिव्यांचा अर्थ ना चालणारास नीट कळे, ना चालविणारास. थोड्याच वर्षांत तें सोडून द्यावें लागलें.

परंतु पट्टे कितीही स्पष्ट असले तरी वेगापुढें ते दुबळे पडतात. याचें गणित सोपें आहे. एखादी वृद्ध स्त्री सेकंदास एक मीटर चालते असें धरूं. १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास तिला १२ सेकंद लागतील. ताशीं ५० किलोमीटर वेगानें येणारी मोटार तेवढ्या वेळांत सुमारें १६७ मीटर पुढें येते. म्हणजे पहिलें पाऊल टाकतांना त्या वृद्धेनें १६७ मीटरांवरच्या मोटारीचा अंदाज केला पाहिजे, आणि तोही दोन्ही बाजूंस! रस्त्याच्या मध्यें उभें राहण्यापुरता एक ओटा बांधला, तर तिला एका वेळीं एकाच बाजूस आणि निम्म्याच अंतरावर पाहावें लागतें. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ३० वरून ५० किलोमीटरपर्यंत वेग वाढला, तर आघात जवळजवळ पावणेतीनपट होतो. वेग दीडपटीहून थोडा अधिक वाढतो. मरण त्याहून पुष्कळ वेगानें जवळ येतें.

हें ओळखून आळीच्या रस्त्याचाच कायापालट करण्याची कल्पना हॉलंडमध्यें निघाली. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हें त्यांच्या चळवळीचें नांवच होतें. डेल्फ्ट शहरांत साठांव्या दशकाच्या अखेरीस घरांसमोरचे कांहीं रस्ते नव्या रीतीनें बांधले गेले होते. तेथें सरळ वाट मुद्दाम वांकविली, मध्यें झाडें व बांक ठेवले, आणि पादपथ व रस्ता एकाच पातळीवर आणला. १९७६ सालीं अशा रस्त्यांस कायद्याची मान्यता मिळाली. त्यांस डच भाषेंत 'वूनएर्फ' म्हणतात. राहत्या घरांचें अंगण असा त्याचा अर्थ. वाड्यांच्या चौकांत वाढलेल्या महाराष्ट्रास ही कल्पना परकी वाटूं नये. पाँपेईच्या दगडांची युक्तिच तेथें पुन्हां सांपडली: आज्ञा पाटीनें न देतां रस्त्याच्या घडणीनें द्यावी.

आतां आपल्या घराकडे वळूं. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांत पायीं चालणारे ३२,८२५ होते. आपल्याकडे कायदा नाहीं असें नाहीं. २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांप्रमाणें, जेथें दिवा किंवा पोलीस नाहीं अशा ओलांडणीवर चालकानें थांबून पादचाऱ्यास वाट दिली पाहिजे. पादपथावर चालण्यास निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि त्याची उंची १५० मिलीमीटरांहून अधिक नसावी, असें इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेंत सांगितलें आहे. मे २०२५ मध्यें तर सर्वोच्च न्यायालयानें मोकळा पादपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

प्रयत्नही झाले आहेत. २०२० सालीं मुंबईंत दादर भागांतील पादचाऱ्यांच्या दिव्यांत पुरुषाकृतीच्या जागीं स्त्रीची आकृति आली. पुण्यांत ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांस बंद करून पादचारी दिन साजरा झाला. उलट, २००८ सालीं वांद्र्यास पहिला स्कायवॉक उभारला गेला, तेव्हांपासून चालणारास वर चढवून रस्ता मोकळा करण्याचा मार्गही आपण अवलंबिला आहे. स्टेशनच्या गर्दींत त्याचा उपयोग असेल. परंतु गुडघे दुखत असलेल्या माणसास दोन जिने चढावयास सांगून खालचा रस्ता वेगास मोकळा करून देणें, हा न्याय कसा म्हणावा?

आळींतील रस्त्यास फार खर्चाचीं कामें लागत नाहींत. लोक जेथें खरोखर रस्ता ओलांडतात, तेथेंच पट्टे ओढावे. नकाशावर सोयीचें दिसतें तेथें नव्हे. शाळा व दवाखाना यांच्यापुढें ती ओलांडणी पादपथाच्या उंचीपर्यंत उचलावी, म्हणजे तीच गतिरोधकही होते. गतिरोधक करावयाचा तर प्रमाणाबरहुकूम, ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असा गोलसर करावा. एका रात्रींत ओतलेला अणकुचीदार उंचवटा दुचाकीस्वारास पाडतो आणि दुसऱ्या बाजूस नवा अपघात निर्माण करतो. ओलांडणीच्या अलीकडे-पलीकडे गाड्या उभ्या करूं देऊं नयेत, कारण त्यांच्या आडून निघणारें मूल चालकास दिसत नाहीं. वर एक चांगला दिवा असावा. १९४१ चा धडा विसरूं नये. आणि पावसाळ्यानंतर पट्टे पुन्हां रंगवावे. पुसट झालेला पट्टा मुळींच नसलेल्या पट्ट्याहून वाईट. कारण चालणारा त्यावर विसंबतो आणि चालविणारास तो दिसत नाहीं.

ज्यांस मोटार परवडते, त्यांच्या सोयीचा विचार करणारे पुष्कळ असतात. पायीं चालणारांच्या संघटना मात्र थोड्याच असतात; कारण घरांतून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस, मोटारवालासुद्धां, कांहीं पावलें तरी पायींच चालतो, आणि सर्वांची जी बाब ती कोणाचीच होत नाहीं. म्हणून तिचा कैवार मोहल्ल्यानें घ्यावयास हवा. आठ वर्षांचें मूल आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एकमेकांचा हात न धरतांही निर्भयपणें पलीकडे जाऊं शकतात, तो रस्ता चांगला बांधलेला आहे. आपल्या नगरपालिकेस याच एका कसोटीनें प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहावें.