शंभर रुपयांतले तीन आणे

आपल्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत एक प्रश्न निघाला आणि त्यावर बराच वेळ खल झाला. संध्याकाळी उशिरा स्टेशनावरून घरी येणाऱ्या मुली-बायकांसाठी आणि घरात मारहाण सोसणाऱ्या भगिनींसाठी आंबिवलीत कायमचे एक साहाय्य केंद्र असावे, याबद्दल दुमत नव्हते. दुमत झाले ते पैशाबद्दल. कोणी म्हणाल्या, वर्गणी काढून सुरू करू. कोणी म्हणाल्या, सरकारकडे मागू. तेवढ्यात आपल्यातल्या एक वयोवृद्ध काकू म्हणाल्या, "सरकारचा पैसा आला की मंडळ आपले राहत नाही." सभा तशीच उठली. ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. आपल्या आधीच्या बायकांनी हा पेच कसा सोडवला, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पाहावे असे मी ठरवले.

स्वातंत्र्यापूर्वी स्त्रियांच्या संस्था प्रामुख्याने लोकांच्या दानावर उभ्या राहिल्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले, ते काही सरकारी हुकमाने नव्हे. स्वातंत्र्यानंतर मात्र एक नवा विचार पुढे आला. बायकांच्या संस्था जे काम करतात ते राष्ट्राचेच काम आहे, तर मग राष्ट्राच्या तिजोरीत त्यासाठी वाटा का नसावा? हा विचार नेटाने मांडला दुर्गाबाई देशमुख यांनी. त्या मूळच्या राजमहेंद्रीच्या. घटना समितीच्या त्या सदस्य होत्या आणि पुढे नियोजन आयोगावर आल्या. १९५३ साली त्यांचा विवाह तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला, आणि त्या महाराष्ट्राच्या सूनबाई झाल्या.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी चार कोटी रुपये ठेवण्यात आले. त्या योजनेचा मूळ आराखडा सुमारे २,०६९ कोटींचा होता. हिशोब केला तर शंभर रुपयांत जेमतेम तीन आणे! धरणे, रेल्वे, कालवे यांच्या शेजारी ही रक्कम अगदीच लहान दिसते. पण तिचे महत्त्व वेगळेच होते. बालवाडी, प्रसूतिसाहाय्य, अनाथाश्रम यांच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना पडला. ही रक्कम वाटण्यासाठी ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. दुसऱ्याच वर्षी खेड्यांसाठी कल्याण विस्तार प्रकल्प निघाले. सुमारे पंचवीस गावे आणि वीस हजार वस्ती मिळून एक प्रकल्प, असे त्याचे मान होते. बालवाडी, बाळंतपणाची सोय, प्रौढ स्त्रियांचे शिक्षण आणि हस्तव्यवसाय ही कामे त्यात येत.

काकूंची शंका तेव्हाही असणारच. म्हणून हे मंडळ संस्थांना आपल्या खात्यात विलीन करून घेत नसे. काम संस्थेचे, माणसे संस्थेची, मदत मंडळाची, आणि हिशोब मात्र चोख, अशी ती रीत होती. परंतु या रीतीत एक उणीवही होती. अनुदान म्हटले की ते मुदतीचे आले. दर वेळी नवा अर्ज, नवी वाट पाहणे. पुढे १९८३ साली याच मंडळाने कौटुंबिक सल्ला केंद्रांची योजना काढली आणि कित्येक संसारांना तिचा आधार झाला. पण २०२२ साली केंद्र सरकारने मंडळच बंद केले. जवळजवळ सत्तर वर्षांची संस्था एका निर्णयाने मिटली. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

आता सुरक्षिततेकडे वळू. बायकांच्या दृष्टीने पोलीसचौकी ही बराच काळ आधाराची जागा नव्हती. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर चौकीच्या आवारातच अत्याचार झाला. हाच तो मथुरा खटला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. त्यावर १९७९ साली वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली बलात्काराचा कायदा सुधारला गेला. त्याच वर्षी सासरच्या छळासाठी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले.

कायदा तर झाला. पण चौकीच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या बाईचे पुढे काय? काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीची एक भगिनी रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्या दारी आली. तिला घेऊन मी चौकीवर गेले. कोणती चौकी, ते सांगण्यात अर्थ नाही. दोन तास आम्ही बाकावर बसलो. शेवटी "घरचे भांडण घरीच मिटवा" एवढे ऐकून परतलो. तेथे कोणी आमच्यावर ओरडले नाही, कोणी अपमान केला नाही. पण तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, हे तेथे कोणाचेच काम नव्हते. मला दुःख झाले ते याचे.

हे कोणाचे तरी काम व्हावे, असा प्रयत्न मुंबईत आधीच झाला होता, हे मला पुढे वाचनातून कळले. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तांच्या कचेरीत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे बसणाऱ्या समाजकार्यकर्त्या पोलीस नव्हत्या, पण पोलिसांच्या छपराखालीच बसत. आलेल्या बाईचे ऐकून घ्यायचे, तिला कायदा समजावून सांगायचा, तक्रार नोंदवताना सोबत राहायचे, निवाऱ्याची सोय पाहायची, नवऱ्याला बोलावून घ्यायचे, हे त्यांचे काम. पुढे मुंबईत आणखी कक्ष निघाले. २००१ नंतर देणगीच्या साहाय्याने राज्यात दहा ठिकाणी हाच प्रयोग झाला. आणि २००५ साली राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने हे काम शासनाचे म्हणून अंगीकारले. हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष पसरले. राजस्थान, हरियाणा या राज्यांनीही हा नमुना उचलला.

१९८४ ते २००५! बहिणींनो, या एकवीस वर्षांत काय घडले ते नीट पाहा. आधी काम उभे राहिले. आलेल्या प्रत्येक बाईची नोंद झाली. त्या नोंदींवरून शासनाला दाखवता आले की ही गरज खरी आहे, रोजची आहे आणि उपायही चालतो. मग जी मागणी झाली ती एकरकमी मदतीची नव्हती. हे काम कायमचे आहे, त्याला माणसे लागतात आणि माणसांना वेतन लागते, हे शासनाला पटले. म्हणून काकूंचे म्हणणे मला अर्धे पटते. पैसा कृपा म्हणून आला तर मंडळ मिंधे होते, आणि देणाऱ्याचा हात आखडला की काम बसते. पण तोच पैसा सेवेचा हक्क म्हणून, तिच्या स्वतंत्र नावाने अंदाजपत्रकात आला, तर तो आपल्याच कराचा पैसा असतो; त्यात मिंधेपणा कसला?

आता आंबिवलीचे. २००९ साली मोहोन्याचा रेयॉनचा कारखाना बंद पडला, तेव्हा पगार थांबलेल्या घरांत काय काय झाले, ते आपल्यापैकी अनेकींनी जवळून पाहिले आहे. त्या घरांतल्या किती बायका आपल्या मंडळात रडून गेल्या! पण त्यांची एक ओळही आपण लिहून ठेवली नाही. आज कोणी विचारले, तर आपल्याजवळ दाखवायला आठवणींखेरीज काही नाही.

महानगरपालिकांनी आवश्यक खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतला पाच टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवावा, असे राज्य शासनाचे धोरण आहे. दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर केंद्रानेही २०१३च्या अंदाजपत्रकात एक हजार कोटींचा निर्भया निधी ठेवला आणि २०१५ पासून 'सखी' केंद्रे सुरू केली. तेव्हा दारे आहेत. आपण मोकळ्या हाताने ती ठोठावू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

माझी सूचना साधी आहे. येत्या महिन्यापासून मंडळाच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी दोघींनी बसावे. येईल तिचे ऐकावे. तिची संमती असेल तर नाव न लिहिता तारीख, अडचण आणि आपण काय केले, एवढे वहीत टिपावे. कोणत्या रस्त्यावर दिवा नाही, तेही त्याच वहीत येऊ द्यावे. वर्षभराने ती वही आणि मंडळाचा ठराव घेऊन आपण महानगरपालिकेत जाऊ, आणि कायमच्या कार्यकर्तीची मागणी करू.

वही मी आणून ठेवली आहे. तिचे पहिले पान अजून कोरे आहे. पहिल्या संध्याकाळी मी बसणार आहे. माझ्यासोबत काकूंनी बसावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.