सुटलेला टाका, १९६२

२० ऑक्टोबर १९६२ला चीनने आक्रमण केलं आणि हिमालयातल्या जवानांसाठी देशभर बायकांनी सुया हाती घेतल्या, आपल्या पुण्यातही. इतिहासकार हे काम ‘मदत’ या एका शब्दात गुंडाळतात. आम्ही त्यात उसवणंही धरतो. पुण्याच्या थंडीला बिनबाह्यांचा स्वेटर पुरतो, सुटलेला टाका खपून जातो. बर्फात तिथूनच वारा शिरतो. टाका शिडीसारखा खाली सुटत गेला, तरी सगळं उसवायला नको. क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा ओढत तो वर आणता येतो. काखेचे टाके कमी करायचे राहिले, तर मात्र तिथवर उसवणंच भाग. उसवलेली लोकर वाकडी होते. लडी करून भिजवा, वाळवा, मग पुन्हा विणा. २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली; सीमेवरची थंडी तर पुढेच वाढायची होती.