कब्बन रोड ते कॅलिको मिल

गेल्या आठवड्यात बेळगावहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याची लेक इथे बंगळुरूत मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली, आणि आता एमबीए करायचं म्हणते. “दादा, मग आधीची तीन वर्षं वाया गेली की नाही? तूच तिची बाजू घेतली होतीस.” जाब मलाच विचारला, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं. ते उत्तर इतिहासात आहे, आणि मला ते पहिल्यांदा सैन्यात भेटलं.

इथे कब्बन रोडवर सैन्याचं सिलेक्शन सेंटर साउथ आहे. अशाच एका सिलेक्शन बोर्डावर मी काही वर्षं ग्रुप टेस्टिंग ऑफिसर होतो. फळ्या, दोर देऊन मुलांना अडथळे पार करायला लावायचं आणि आपण वही घेऊन बाजूला उभं राहायचं. आमचे मानसशास्त्रज्ञ मात्र कॉन्फरन्सच्या दिवसापर्यंत त्या मुलांना भेटतही नसत. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. चित्रांवरून लिहिलेल्या गोष्टी, शेवटचं चित्र तर कोरंच. एवढ्या कागदांवरून ते जे सांगत, ते माझ्या वहीशी बहुतेक वेळा जुळायचं. सुरुवातीला मला हा ज्योतिषाचा प्रकार वाटे!

ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडताना घराणं, शाळा आणि एक छोटी मुलाखत पाहत. असे निवडलेले बरेच जण प्रशिक्षणात नापास होऊ लागले. म्हणून १९४२ मध्ये तिकडे नवे बोर्ड आले. विल्फ्रेड बायन, एरिक ट्रिस्ट यांसारखी माणसं त्या कामात होती. गटाला काम द्या, नेता नेमू नका आणि कोण काय करतो ते बघा, ही युक्ती बायनची. १९४३ मध्ये असा प्रायोगिक बोर्ड डेहराडूनला सुरू झाला. एमबीएच्या प्रवेशाला जे ग्रुप डिस्कशन होतं, ते मला याच चाचणीचं नातलग वाटतं.

युद्ध संपल्यावर यातल्या काही जणांनी लंडनला टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट उभी केली आणि मोर्चा कारखान्यांकडे वळवला. तिथले ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन म्हणावं तसं वाढत नव्हतं. दोष यंत्रात नव्हता. कामाचे तुकडे करून एकेका माणसाला वेगवेगळे वाटले होते. कोण कोणाबरोबर काम करतो याचा पत्ताच नव्हता. राइसनी सुचवलं, ठरावीक मागांची जबाबदारी एका गटाकडे द्या. विणकरांनी आपापले गट स्वतःच जुळवले. पुढे उत्पादन वाढलं आणि खराब कापडही कमी झालं.

त्याच शहरात मानसशास्त्रज्ञ कमला चौधरी अटिरा या वस्त्रोद्योगाच्या संशोधन संस्थेत गिरणीतल्या माणसांचा अभ्यास करत होत्या. १९६१ मध्ये आयआयएम अहमदाबाद निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या प्राध्यापकांत त्या होत्या. म्हणजे आपल्याकडे एमबीएचे वर्ग भरू लागले तेव्हा मानसशास्त्र बाहेर उभं नव्हतं, शिकवायला आत बसलं होतं.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ते ठीक, पण नोकरी?” भरती, प्रशिक्षण, संघटना विकास, ग्राहक संशोधन, जाहिरात. आणि या शहरात अ‍ॅप वापरताना माणूस कुठे अडतो हे शोधणारं यूएक्स संशोधन. मात्र एक गोष्ट पुतणीला स्पष्ट सांगितली: एमबीएने रुग्ण तपासता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर रस्ता निम्हान्ससारख्या संस्थेकडे जातो, मान्यताप्राप्त पदवी आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते. दोन्ही जमेल या भ्रमात एमबीएची फी भरू नकोस.

शिवाय माझा आग्रह असा, की आधी दोन वर्षं नोकरी कर. गिरणीतली माणसं बघितल्याशिवाय कमलाबाई वर्गात गेल्या नव्हत्या. हे मात्र तिला पटलेलं नाही. रविवारी जेवायला येणार आहे, वाद घालायला.