कापऱ्या हातांचा डाव

आमच्या वडिलांचा हात कापत असे. कप ओठांपर्यंत नेईस्तोवर निम्मा चहा बशीत आणि उरलेल्यातला थोडा धोतरावर, हे ठरलेलेच. म्हणून ते पहिल्यापासून बशीनेच चहा पीत आणि ती बशी दोन्ही हातांनी धरीत. साताऱ्याला आमच्या वाड्याच्या ओटीवर रविवारी दुपारी बुद्धिबळाचा पट पडे. समोर शेजारचे काका बसत. वडील उंट उचलायला जात आणि वाटेतले प्यादे आडवे होई. ते सावरता सावरता वजिराला धक्का बसे. 'हात लावला ते मोहरे चालवायचे' हा नियम आमच्या ओटीवरही होता आणि आम्हा पोरांवर तो मोठ्या निष्ठुरपणे चालवला जाई. वडिलांच्या बाबतीत मात्र काकांनी एकदाच सांगून टाकले होते, "अण्णा, तुम्ही मोहऱ्याचे नाव घ्या आणि घर सांगा. हलवतो मी." त्यानंतर त्या विषयावर ओटीवर कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

पुढे इतिहासाचा शिक्षक झाल्यावर सहज कुतूहल म्हणून मी बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचे नियम वाचले. मोहऱ्याला 'हेतुपुरस्सर' स्पर्श झाला तरच ते चालवण्याचे बंधन लागते, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय ज्याला स्वतः मोहरी हलवता येत नाहीत त्याला मदतनीस घेण्याची मुभा आहे. आमच्या काकांनी ते पुस्तक पाहिलेले नव्हते.

आता तो हात माझ्याकडे आला आहे. डॉक्टर त्याला 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. हा कंप पुष्कळदा घराण्यातून उतरतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली ज्या कंपवाताचे वर्णन लिहिले तो हा नव्हे. त्या रोगात हात स्वस्थ पडला असता कापतो. आमचा हात मांडीवर ठेवला तर शहाण्यासारखा बसतो आणि काम सांगितले की थरथरतो. शाळेतल्या आळशी मुलासारखाच म्हणा ना! या कंपाची गती मोजलेली आहे. सेकंदाला साधारण चार ते बारा हेलकावे, आणि वय वाढते तशी ती मंदावते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याची गरज पडणार आहे.

माझ्या कंपाने नोकरीत फारसे अडले नाही. फळ्यावरचे अक्षर बिघडले, इतकेच. पुढे एका बँकेने माझी सही माझी नाही असे मलाच समजावून सांगितले, तेव्हा मात्र वाईट वाटले. पण ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट त्याहून क्षुल्लक आहे. गोष्ट आहे एका खेळाची.

माझा नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. दर रविवारी तो आणि मी संगणकावर 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग खेळतो. तो तिकडून, मी इकडून. हा खेळ १९९९ सालचा आहे. गडीमाणसांकडून लाकूड तोडवायचे, शेती करवायची, सोने खणवायचे, तट बांधायचे, घोडदळ उभारायचे आणि शेवटी एकमेकांवर चढाई करायची. (२०२२ साली त्यात गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशी राज्ये आली, मराठे काही आले नाहीत. इतिहासाच्या मास्तराला हे खुपायचेच.) खेळ बुद्धीचा खरा, पण हुकूम द्यायचे ते माउसने. एका गड्यावर एकदा टिचकी मारली तर तो एकटा तुमचा. लागोपाठ दोनदा मारली तर पडद्यावरचे सारे गडी एकदम तुमच्या हुकमाखाली येतात. माझ्या बोटाला एकदा टिचकी मारणे ठाऊकच नाही! एका गड्याला मेंढीमागे धाडावे, तर अख्खे गाव शेते टाकून मेंढीमागे धावते.

अशा खेळांत घाई आली कुठून, हे जरा पाहण्यासारखे आहे. बुद्धिबळालाही एके काळी घड्याळ नव्हते. लंडनच्या १८५१ च्या स्पर्धेत वेळेचे बंधनच नसल्याने काही खेळाडू इतका विचार करीत, की प्रतिपक्ष कंटाळून जाई. पुढे वाळूची घड्याळे आली, आणि १८८३ साली लंडनलाच मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सन यांचे जोडघड्याळ वापरात आले: एकाचे चालू झाले की दुसऱ्याचे बंद. तथापि त्या घड्याळाने मोजला तो विचाराचा वेळ. हाताचा वेग मोजणारा डाव यायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. १९९१ साली सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ आला, तोही पाळीपाळीने चालणारा होता. तुमची पाळी असेतो साम्राज्य वाट पाहत उभे राहते. परंतु १९९२ च्या 'ड्यून २' पासून दुसरी वाट फुटली. तिच्यात पाळी नाही. तुम्ही विचार करीत बसलात तरी शत्रू चालतच असतो.

या वाटेवरचे सर्वांत मोठे गाव म्हणजे १९९८ चा 'स्टारक्राफ्ट', आणि ते वसले दक्षिण कोरियात. खेळ अमेरिकन कंपनीचा. पण १९९७ च्या आर्थिक अरिष्टात नोकऱ्या गेलेल्या कित्येकांनी तिथे 'पीसी बांग' नावाची संगणकगृहे काढली. 'बांग' म्हणजे खोली. सरकारने वेगवान इंटरनेटच्या तारा देशभर पसरल्या, आणि पोरे या खोल्यांतून रात्री घालवू लागली. २००० साली खेळाडूंची राष्ट्रीय संघटना निघाली. चोवीस तास हेच सामने दाखवणाऱ्या दूरदर्शन वाहिन्या निघाल्या. २००४ साली बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या संघस्पर्धेच्या अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचे सांगतात. आपल्याकडे कुस्तीच्या फडाला होते तशी गर्दी, आणि आखाड्यात काय, तर खुर्चीवर बसलेली दोन सडपातळ मुले!

त्या मुलांचे मोठेपण एका आकड्यात मोजू लागले. मिनिटाला किती हुकूम? सामान्य माणसाचे पन्नास-साठ होतात. नावाजलेले कोरियन खेळाडू तीनशे आणि त्याहून वर जात. तीनशे म्हणजे सेकंदाला पाच. वाचकांनी मघाचा आकडा आठवावा. माझा हातही सेकंदाला पाच-सहा वेळा हलतोच. प्रश्न एवढाच, की त्या हलण्यात हुकूम कोणाचा.

या वेगाची किंमत त्या मुलांनी हातांनीच मोजली. ली यंग-हो हा 'फ्लॅश' या नावाने गाजलेला खेळाडू. त्याच्यासारखा दुसरा झाला नाही असे जाणते म्हणतात. ऐन उमेदीत, २०११ साली, त्याच्या हातावर शस्त्रक्रिया करावी लागली. पण मला अधिक जवळचा वाटतो तो दुसरा: जंग जोंग-ह्यन, खेळातले नाव 'एमव्हीपी'. 'स्टारक्राफ्ट २' मध्ये हा कोरियाचा पहिला मोठा सम्राट. मनगट आणि मान दुखण्याने हैराण झाल्यावर त्याचा हात प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने मंद पडला. तेव्हा त्याने काय करावे? प्रत्येक सामन्याआधी समोरच्याचा अभ्यास करून, तो कुठे बेसावध राहील हे हेरून त्याने डाव रचायला सुरुवात केली. २०१२ च्या मे महिन्यातल्या अंतिम सामन्यात पार्क ह्यन-वू ऊर्फ 'स्क्वर्टल' याच्याविरुद्ध पहिले तीन डाव त्याने जिंकले, पुढचे तीन गमावले आणि सातवा जिंकून चौथ्यांदा विजेतेपद घेतले. त्याच वर्षी पुन्हा अंतिम फेरी गाठून तो पंधरा वर्षांच्या एका मुलाकडून ४-३ असा हरला. २०१४ साली दुखण्यामुळेच त्याने निवृत्ती जाहीर केली. हे सामने मी नातवाच्या मदतीने जुन्या चित्रणांतून पाहिले. खेळ मला निम्माच कळतो. पण दुखऱ्या हाताने, घाई न करता, शत्रूच्या मनात शिरून खेळणारा माणूस ओळखायला खेळ पुरता कळावा लागत नाही.

'स्टारक्राफ्ट २' निघण्याच्या आधी खेळाडूंमध्ये मोठा वाद माजला होता. पहिल्या खेळात एका वेळी बाराच शिपाई निवडता येत आणि इमारत तर एकच. प्रत्येक नव्या मजुराला खाणीकडे बोट धरून न्यावे लागे. २०१० च्या नव्या खेळात अनेक इमारतींना एकदम हुकूम देता येऊ लागला, मजूर आपण होऊन कामाला लागू लागले. जुने जाणते खवळले. हाताचे कसब गेले, आता कोणीही सोम्यागोम्या खेळेल, असा त्यांचा सूर होता. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. गवयाच्या गळ्याला तयारी लागते तशी या हातालाही लागते, आणि ती कमावलेल्याला तिचा अभिमान असणारच. पण मजुराला खाणीकडे नेण्यात कसली आली युद्धनीती? ते नुसते हमालीचे काम. मी नव्यांच्या बाजूचा आहे. माझा स्वार्थ त्यात आहे हेही कबूल करतो.

मोठी मौज पुढेच आहे. २०१९ च्या जानेवारीत 'डीपमाइंड' कंपनीच्या 'अल्फास्टार' या यंत्रबुद्धीने दोन नामांकित युरोपीय खेळाडूंना प्रत्येकी ५-० असे हरवल्याचे जाहीर झाले. यंत्राचे सरासरी हुकूम मिनिटाला २८० च्या आसपास, म्हणजे माणसांपेक्षा कमीच होते. तरीही लोकांनी हरकत घेतली: ऐन चकमकीत त्याची गती माणसाच्या आवाक्याबाहेर जाते आणि एकही टिचकी वाया जात नाही; ही बुद्धीची जीत नव्हे, न कापणाऱ्या हाताची आहे! हरकत मानली गेली. त्याच वर्षीच्या पुढच्या प्रयोगात यंत्राला पाच सेकंदांत फार तर बावीस हुकूम, असे बंधन घालण्यात आले. यंत्राला हात नाही, म्हणून माणसांनी त्याला हाताची मर्यादा दिली. आणि या न्यायाविषयी कोणाला शंका आली नाही.

उलट्या बाजूचा न्याय मात्र फार सावकाश आला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ साली छातीवर बांधायचे एक यंत्र काढले होते. हनुवटीने दांडी हलवायची आणि नळीत फुंकून वा ओढून कळ दाबायची. १९९५ च्या 'विंडोज'मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ट्रेस केंद्राच्या कामातून आलेली, चुकून दोनदा दाबलेली कळ एकदाच मोजणारी सोय होती. २००५ साली आयबीएममधले संशोधक जेम्स लेव्हिन यांनी माउस आणि संगणक यांच्यामध्ये जोडायची एक डबी बनवली. त्यांच्या काकांचा हात माझ्यासारखाच कापत असे. हलत्या हाताने घेतलेले चित्र कॅमेरा जसे स्थिर करतो, तसेच ही डबी हेलकावे गाळून मूळ दिशा तेवढी पुढे पाठवी. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने दोन मोठ्या तबकड्यांचा आणि पाठीमागे एकोणीस छिद्रांचा एक पाट काढला. ज्याला जो अवयव चालतो त्याने दाबायची कळ त्या छिद्रांत जोडावी. औषधही आहे: प्रोप्रॅनोलॉल. मी तेच घेतो. नेमबाजीत ते निषिद्ध आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदके या औषधापायी परत घेतली गेली. माझ्या सकाळच्या गोळीकडे तेव्हापासून मी जरा आदराने पाहतो.

हा सारा इतिहास मी धुंडाळला तो रागाच्या भरात. गेल्या श्रावणात मी नातवाला लागोपाठ तीन रविवार हरवले. चौथ्या रविवारी डाव संपल्यावर त्याचे घोडदळ कुठे होते ते मी मागे जाऊन पाहिले. साठ स्वार माझ्या तटाबाहेर वीस मिनिटे नुसते उभे होते.

"आबा, तुमचा हात त्या दिवशी फार कापत होता," तो म्हणाला. "मला बरे वाटेना."

मी दोन आठवडे खेळलो नाही. पोर प्रेमाने वागले हे कळत होते. पण ओटीवरचे काका माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यांनी वडिलांचे प्यादे स्वतः उचलून ठेवले, आणि मग त्याच वडिलांचा वजीर निर्दयपणे मारला. हलवायला मदत केली. डावात दया म्हणून कधी केली नाही. हे मी नातवाला फोनवर सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे टिचक्यांचे बघायचे, स्वारांचे नाही. असेच ना?"

दसऱ्याला तो घरी आला आणि दिवसभर माझ्या संगणकापुढे बसला. हेलकावे गाळणारी एक आज्ञावली त्याने घातली. गाळणी फार घट्ट केली तर बाण हातामागून आळसावल्यासारखा येतो, सैल केली तर कंप तसाच उमटतो. तेव्हा पाचपन्नास वेळा पुढेमागे करून त्याने ती बसवली. माउसऐवजी मोठा गोळा आणला, तळहाताने फिरवायचा. टिचकीची कळ डाव्या हाताकडे दिली. मनगटाखाली त्याच्या आजीने जुन्या लुगड्याची घडी ठेवली. खेळाची गती आम्ही दोघांनी संगनमताने एक पायरी उतरवली. ती दोघांनाही सारखीच उतरते.

नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपून, फराळाची ताटे बाजूला सारून आम्ही दोघे एकाच खोलीत समोरासमोर बसलो. माझा एक गडी एकटाच मेंढीमागे गेला. बाकीचे शेतातच राहिले. घरातल्यांना त्यात पाहण्यासारखे काय होते ते कळेना, पण मी नातवाकडे पाहिले आणि त्याने माझ्याकडे.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला त्याचे साठ स्वार माझ्या तटाच्या उत्तर दरवाजाने आत शिरले. तिथे मी भालाइत ठेवायचे विसरलो होतो. त्यात हाताचा काही दोष नव्हता.

"आबा, हरलात," तो म्हणाला.

मी बशीत चहा ओतला, दोन्ही हातांनी धरून प्यालो, आणि त्याला दुसरा डाव मांडायला सांगितला.