१,३९९ डॉलरची पैज

३ जून २०१९. अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’त सलग ३२ डाव जिंकलेला, पैजा लावून पोट भरणारा जेम्स होल्झहाउअर शेवटच्या प्रश्नावर फक्त १,३९९ डॉलर लावतो. आणि हरतो. मुद्दाम हरला, असं लोक म्हणाले. मलाही वाटलं. मग कागदावर आकडे मांडले.

एमा बेचर २६,६००, जेम्स २३,४००, तिसरा ११,०००. पैज आधी, प्रश्न नंतर. जेम्सची दुप्पट ४६,८००. म्हणून एमानं २०,२०१ लावले. उत्तर बरोबर, तर ४६,८०१! म्हणजे ती चुकली तरच जेम्सला संधी. तेव्हा तो स्वतः चुकला तरी २२,००१ उरतात, तिसऱ्याच्या दुपटीपेक्षा १ जास्त.

तिघांचंही उत्तर बरोबर आलं. जेम्सची पैज चुकली नव्हती; एमालाही गणित येत होतं, इतकंच.