पितळी जडावाचें विलायती सामान आणि टेंभी नाका

जुन्या घरांत दप्तर सांपडलें कीं संशोधक कागद उचलतो व पेटी तेथेंच टाकून येतो. पुढें पेटी भंगारांत जाते. आमच्या मतें ही चाल सोडली पाहिजे. पेटीही साक्ष देते.

डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला मराठ्यांपासून घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. फौज व कचेऱ्या यांच्यामागून विलायती सामान येथें आलें. टेंभी नाक्याच्या आसपास पारशी अग्यारी व १८२५ चें सेंट जेम्स चर्च त्या मिश्र वस्तीची आठवण देतात. अशा वस्तींतील धातू बसविलेल्या प्रत्येक पेटीस लोक ‘विलायती’ म्हणतात. परंतु त्या एका शब्दाखालीं तीन निरनिराळीं कामें येतात.

पहिलें, खरा जडाव. फ्रान्सच्या आंद्रे शार्ल बूल (१६४२–१७३२) याच्या नांवानें ही रीत प्रसिद्ध झाली. कासवाचें कवच व पितळेचा पत्रा एकत्र धरून एकाच करवतीनें नक्षी कापावयाची आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या पोकळींत बसवावयाचा. इंग्लंडांत जॉन चॅनन यानें पौडरहॅम किल्ल्याच्या ग्रंथकपाटांवर आपलें नांव व १७४० हें साल पितळेवर घातलें. ताम्रपटाइतकाच हा निःसंदिग्ध पुरावा होय. पुढें १८१० च्या सुमारास शिसवींत पितळी वेलबुट्टी बसविण्याची आवड लंडनांत पसरली.

दुसरें, लष्करी प्रवासी सामान. यांतील कोपऱ्यांच्या पट्ट्या व खोबणींतील कड्या लांकडाशीं सपाट असल्यानें जडावासारख्या दिसतात. पण त्या शोभेसाठीं नसून गलबतावर व गाडींत पेटी टिकावी म्हणून आहेत. कोंकणच्या दमट हवेंत सरस सुटून नाजूक जडाव उचलतो. मळसूत्री खिळ्यांनीं आवळलेली पट्टी टिकते.

तिसरें, मुंबई-सुरतेचें सादेली काम. चंदन, आबनूस, हस्तिदंत, शिंग व कथलाची तार यांच्या काड्यांची जुडी चिकटवून तिच्या आडव्या चकत्या कापीत व त्या पेटीवर बसवीत. यांतील धातू पांढरा दिसतो, पिवळा नव्हे. ही कारागिरी विलायती नव्हेच.

कालनिर्णयासही साधनें आहेत. ब्रामा या नांवाचें कुलूप १७८४ च्या पेटंटाआधींचें असूं शकत नाहीं. खिळ्याचें टोंक बोथट असल्यास तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचा समजावा. मात्र जुना खिळा नव्या पेटींतही बसवितां येतो.

शेवटीं एक इशारा. पेटी इंग्रजी, म्हणून घराण्याचा इंग्रजांशीं संबंध होता, हें अनुमान करूं नये. परत जाणारे अंमलदार सामान लिलांवांत विकीत. म्हणून हा हेतु अनैकांतिक ठरतो. कागद उचलण्यापूर्वीं पेटीचें माप घ्यावें, पितळेवरील अक्षरांचा ठसा उतरावा आणि कोणता कागद कोणत्या खणांत होता तें टिपावें. हें टिपण राहिलें, तर कागदांचा मूळ क्रम पुन्हां लावतां येत नाहीं.